चेंडूपासून लांब काय चाललंय?

आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओचा आवाज बारीक करायला उठतील, म्हणून आधीच विनंती करते, जरा बसा. विषय आहे फुटबॉल. खेळायचा नाही, नुसता बघायचा.

तुम्ही म्हणाल, आपल्या गटाला फुटबॉलशी काय करायचंय? तर ऐका. आता आपल्याकडे शाळाशाळांतून मुली फुटबॉल खेळायला लागल्या आहेत. सुब्रतो कपसारख्या मोठ्या शालेय स्पर्धेतही मुलींचा गट आहे. मुलगी सामना खेळून घरी येते, बूट काढते, आणि आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती गोल केलेस गं?" ती जर मागे, बचावाला खेळत असेल, तर तिचं उत्तर वर्षभर एकच असणार, "एकही नाही." मग कुणीतरी म्हणतं, "मग कशाला जातेस उन्हातान्हात?" असं चार वेळा ऐकलं की पोरीचं मन उडतं. तिनं दुपारभर काय केलं, हे घरात कुणाला दिसलेलंच नसतं. ते दिसावं म्हणून आजची ही बोलणी.

कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना हे सांगायला नको. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा अशा पेठांच्या आणि तालमींच्या संघांचे सामने लागले की अख्खी पेठ तिकडे लोटते. गोव्यातही गावोगाव फुटबॉल आहे. पण बाकीच्या महाराष्ट्रात हा खेळ टीव्हीवर लागला की आपण म्हणतो, "नुसती पळापळ! काही कळत नाही." कळत नाही, कारण आपण फक्त चेंडू बघतो.

एक साधा हिशेब करू. सामना नव्वद मिनिटांचा. पंचेचाळीस मिनिटं, मग पंधरा मिनिटांचं मध्यंतर, आणि पुन्हा पंचेचाळीस. मैदानात दोन्ही संघांच्या मिळून बावीस जणी, चेंडू एक. चेंडू एक क्षणही थांबला नाही असं धरलं, तरी प्रत्येकीच्या वाट्याला तो चार मिनिटं येतो. उरलेली शहाऐंशी मिनिटं ती बाई काय करते? खरा खेळ त्या शहाऐंशी मिनिटांत असतो.

आता दुसरा हिशेब, जमिनीचा. मोठ्या सामन्यांचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. आपल्या भाषेत सत्तर गुंठे, म्हणजे पावणेदोन एकर. गोलरक्षक गोलापाशी राहते. उरल्या दहाजणी. म्हणजे एकीच्या वाट्याला सात गुंठे! सात गुंठे ज्वारीची पाखरं एकटीनं राखायची म्हटली तरी दमछाक होते. इथे तर समोरच्या दहाजणी जिवाच्या आकांतानं पळत असतात. सगळं मैदान राखणं शक्यच नाही. म्हणून बचाव करणारा संघ एक युक्ती करतो. चेंडू जिकडे असेल तिकडे सगळ्याजणी सरकतात, एकमेकींच्या जवळ येतात आणि तेवढाच भाग दाट करतात. लांबची बाजू मोकळी सोडतात. जाणूनबुजून सोडतात, कारण चेंडू तिथवर जाईपर्यंत आपल्याला परत सरकता येईल, असा त्यांचा हिशेब असतो.

कुणाच्या मांडीवर आत्ता सूप असेल, तर त्यात ज्वारीचे दहा दाणे आणि तुरीचे दहा दाणे मांडून बघा. चेंडू ज्वारीकडे आहे असं समजा. ज्वारीच्या दोघींना सुपाच्या दोन्ही कडांना नेऊन ठेवा. आता तुरीला कोडं पडतं. कडेला माणूस पाठवावं, तर मध्ये भगदाड पडतं. मध्ये दाट राहावं, तर कड मोकळी राहते. वाळवण घालताना आपण साडी चारही टोकांनी ताणून धरतो ना, तसं चेंडू असलेला संघ मैदान ताणतो. चेंडू नसलेला संघ त्याच साडीच्या निऱ्या करायला बघतो. ताणणं आणि आवळणं, फुटबॉलचे बहुतेक सगळे डावपेच यातून निघतात.

बातम्यांत "चार-चार-दोन" किंवा "चार-तीन-तीन" असे आकडे ऐकू येतात, ते या मांडणीचेच. ते मागून पुढे मोजायचे, गोलरक्षक सोडून. चार बचावपटू, चार मध्यरक्षक, दोन आघाडीला, हे झालं चार-चार-दोन. पण खो-खोच्या चौकोनात बसल्यासारख्या त्या एका जागी बसत नाहीत. चार-तीन-तीन मांडणीच्या संघाकडून चेंडू गेला, की पुढच्या तिघींतल्या कडेच्या दोघी मागे धावतात आणि मांडणी चार-पाच-एक होते. म्हणून चेंडू हातचा जातो त्या क्षणी किती जणी मागे वळल्या, ते मोजा. पुढची खेळाडू कमरेवर हात ठेवून उभी राहिली, तर तिचं काम मागच्या दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडलेलं असतं. हे तर आपल्याला सांगायलाच नको!

आता बचावाची रांग. कबड्डीत साखळी असते. साखळीतल्या एकीनं हात सोडला की चढाईवाली निसटते. फुटबॉलमधल्या मागच्या चौघी हात धरत नाहीत, पण साखळी तशीच असते. एक पुढे सरकली तर चौघी सरकतात. या रांगेचा आणि ऑफसाइडचा जवळचा संबंध आहे. ऑफसाइड म्हटलं की सगळे घाबरतात, पण नियम एवढाच आहे. पास निघाला त्या क्षणी ज्या खेळाडूकडे तो चाललाय ती समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्याही पुढे असेल, तर तिच्या आणि समोरच्या गोलरेषेच्या मध्ये विरोधी संघाच्या निदान दोघी हव्यात. त्या दोघींत बहुतेक वेळा एक गोलरक्षक असते, म्हणजे आणखी एक बचावपटू तरी हवी. तिच्या बरोबरीत असली तरी चालतं. पुढे असली, की ऑफसाइड. थ्रो-इनला मात्र हा नियम लागत नाही. हा नियम नसता, तर एकीला गोलाच्या दारात बसवून ठेवलं असतं आणि लांबून चेंडू फेकत राहिले असते.

या नियमाचा बचावपटू फायदा घेतात. चौघी एकदम दोन पावलं पुढे सरकल्या, की मागे राहिलेली आक्रमक आपोआप ऑफसाइड होते. चेंडूला हात नाही, पाय नाही, तरी समोरच्यांचं आक्रमण मोडलं. पण चौघींतल्या एकीला उशीर झाला तर डाव उलटतो आणि आक्रमक एकटी गोलापुढे पोहोचते.

चेंडू गेल्यावर संघापुढे दोन वाटा असतात. पहिली, तिथल्या तिथे तिघीचौघींनी घेरून चेंडू परत हिसकायचा. दुसरी, सगळ्यांनी मागे येऊन गोलापुढे भिंत उभी करायची. पहिल्या वाटेत चेंडू लवकर परत मिळतो, पण त्या घेऱ्यातून एखादी निसटली तर मागे मोकळं रान असतं. दुसऱ्या वाटेत मागे रान उरत नाही, पण समोरच्या गोलाभोवती चेंडू फिरवत बसतात आणि आपल्या पोरी दमतात. कुठलाच डाव फुकट मिळत नाही. गटाची शिल्लक सगळी एकीच्या कर्जाला दिली, तर दुसरीला देताना हात आखडतो, तसंच. या संघानं काय राखलं आणि त्यासाठी काय सोडलं, एवढं विचारायला लागलात की तुम्ही खेळ बघायला लागलात.

आता दोन सामन्यांची गोष्ट सांगते. पहिला आपल्याच नवी मुंबईत झाला. ६ फेब्रुवारी २०२२, डी. वाय. पाटील स्टेडियम, महिलांच्या आशिया चषकाची अंतिम लढत, चीन विरुद्ध दक्षिण कोरिया. मध्यंतराला कोरिया दोन-शून्यनं पुढे. निम्म्या लोकांनी टीव्ही बंद केला असता! पण ६८ व्या मिनिटाला चीननं पेनल्टीवर पहिला गोल केला, ७२ व्या मिनिटाला दुसरा, आणि नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर, भरपाईच्या वेळेत तिसरा. तो तिसरा गोल केला श्याओ युयी हिनं, आणि ती बदली खेळाडू म्हणून उतरलेली होती. चीनच्या प्रशिक्षक श्वेई छिंगश्या या स्वतः पूर्वी चीनच्या संघातून खेळलेल्या. म्हणून प्रशिक्षकानं कुणाला बाहेर काढलं, कुणाला आत पाठवलं, याकडे डोळे ठेवा. मागे पडलेल्या संघानं बचावपटू काढून आक्रमक आत घेतली, तर त्यांनी मागचं दार उघडं ठेवून पुढे धावायचं ठरवलं, असं समजायचं.

दुसरा सामना ५ जुलै २०२५ चा, थायलंडमधल्या चियांग माई शहरात. भारत विरुद्ध यजमान थायलंड. जो जिंकेल तो २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या आशिया चषकाला जाणार. भारतानं पहिला गोल केला, थायलंडनं बरोबरी केली, आणि ७४ व्या मिनिटाला भारतानं पुन्हा गोल केला. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे, आणि ती मध्यरक्षक. सामना दोन-एकनं जिंकून भारत पात्र ठरला. बातम्यांत संगीताचं नाव आलं, आणि ते यायलाच हवं होतं. पण ७४ व्या मिनिटानंतरचा विचार करा. अजून सोळा मिनिटं आणि वर भरपाईची वेळ. समोर यजमान संघ, त्यांचं मैदान, त्यांचे प्रेक्षक. ती आघाडी राखली नसती, तर संगीताचे दोन गोल असूनही पुढचं सगळं अडलं असतं. राखणाऱ्या पोरींच्या नावापुढे त्या दिवशी गोल नाही.

आता गटानं मिळून सामना बघायचा झाला तर कामं वाटून घ्या. दोघींनी फक्त मागच्या चौघींची रांग बघायची. दोघींनी चेंडूपासून सगळ्यात लांब असलेल्या खेळाडूकडे बघायचं, ती उभी आहे की जागा बदलते आहे. एकीनं चेंडू गेल्यावर किती जणी मागे वळतात ते मोजायचं. बाकीच्यांनी खुशाल चेंडू बघा! मध्यंतरात चहा घेत घेत एकमेकींना सांगा, काय दिसलं. दुसऱ्या अर्ध्यात कामांची अदलाबदल करा. शाळेच्या मैदानावर सामना असेल, तर कडेला मधोमध उभं राहण्यापेक्षा गोलाच्या मागे, थोडं अंतर ठेवून उभ्या राहा, किंवा शाळेच्या वरच्या मजल्यावर जा. तिथून मोकळ्या जागा नीट दिसतात. शेताच्या बांधावरून पीक दिसतं, पण कुठे विरळ झालंय ते टेकाडावरून कळतं, तसंच हे.

आणि मुलगी घरी आली की प्रश्न बदला. "आज तुझ्यासमोर कोण होती? कशी पळत होती?" असं विचारा. "तुझ्या शेजारची पुढे गेली तेव्हा मागे कोण राहिलं?" असं विचारा. "तू राहिलीस ना? मी बघितलं," हे तुम्हाला खरंखुरं म्हणता आलं, तर ते त्या पोरीला ढालीपेक्षा मोठं वाटेल. ती मग स्वतःहून बोलायला लागेल. ताटात भाजीच्या फोडी मांडून दाखवेल, कोण कुठे होतं ते. जेवण जरा लांबेल, पण लांबू द्या.