ताणाचे तंत्र : वादी, दोरी आणि सळई



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी या शाळेत संगीत शिकवीत आणि शाळेचा बँडही सांभाळीत. सकाळी साइड ड्रम, दुपारी तबला, आणि आषाढीच्या सुमारास भजनी मंडळाचा पखवाज. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने अशा व्याख्यानात संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी आज वाद्यांच्या ताणाविषयी बोलणार आहे, आणि विषयाला प्रारंभ मात्र शब्दापासूनच करतो. जन्माची सवय सुटत नाही.

ताण, तान, तंतू, तंत्र ही सारी मंडळी संस्कृतातील ‘तन्’ या एकाच धातूची लेकरे. विणकराचा ताणाही त्यांच्यातलाच. (पायताणातला ताण मात्र या घराण्यातला नव्हे. तो ‘पादत्राणा’तून आलेला पाहुणा आहे. परीक्षेत हा प्रश्न घातला की निम्मा वर्ग हमखास चुके.) भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. तारेची वाद्ये ती तत, म्हणजे ताणलेली. चामड्याची वाद्ये ती अवनद्ध, म्हणजे आवळून बांधलेली. येथे धातू ‘नह्’, बांधणे. चामड्याच्या वाद्याला नाव देताना शास्त्रकाराने चामड्याचा उल्लेखसुद्धा केला नाही, बांधण्याचा केला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. या वाद्यांच्या उत्पत्तीची कथाही त्याच ग्रंथात आहे. स्वाती नावाचे मुनी पाणी आणावयास सरोवरावर गेले असता पाऊस सुरू झाला, आणि लहानमोठ्या कमळपत्रांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे नाद त्यांनी ऐकले. तळ्यांच्या या भोपाळात ही कथा कोणालाही समजावून सांगण्याची गरज पडू नये.

आता प्रत्यक्ष वाद्याकडे वळू. तबल्याच्या पुडीभोवती गजरा असतो, गजऱ्याला सोळा घरे असतात. त्या घरांतून चामड्याची वादी वरखाली ओवीत खोडाच्या तळाशी असलेल्या कड्यातून फिरविलेली असते. वादीखाली आठ लाकडी गठ्ठे. गठ्ठा खाली ठोकला की वादी ताणली जाते आणि सूर चढतो. वर सारला की उतरतो. मोठा फरक गठ्ठ्याने करावयाचा आणि बारीक फरक गजऱ्यावर हातोडीने. तबला लावणारा एका घरावर ठोकून थांबत नाही. तो लगेच समोरच्या घराकडे जातो आणि थाप मारून ऐकतो.

या रचनेतील मर्म असे की वादी ओवलेली एकसंध असते. एका बाजूचा ताण थोडाफार शेजारी सरकतो, त्यामुळे काही समानता वादी आपण होऊनच साधते. उणीवही तीच. वादी एका ठिकाणी तुटली की सगळी पुडी सैल पडते आणि कारागिराचे घर गाठावे लागते. ढोलकीची जुनी दोरी आणि तिच्यातल्या कड्या, मिरवणुकीतल्या ढोलाची दोरी, ही सर्व याच कुळातील.

दुसरे कूळ सळयांचे. बँडवाले तिला नुसते ‘रॉड’ म्हणतात, ढोलकीवाले ‘नट-बोल्ट’ म्हणतात. साइड ड्रमच्या कड्याला अडकलेल्या पोलादी सळया आटे फिरवून कडे खाली खेचतात, आणि कडे पडदा खेचते. यातही दोन जाती आहेत. पहिलीत वरच्या कड्यापासून खालच्या कड्यापर्यंत एकच सळई असते. ती आवळली की दोन्ही पडदे एकदम ताणले जातात. दुसरीत खोडाच्या मध्यावर आटे पाडलेली घरे बसविलेली असतात आणि वरच्या पडद्याच्या सळया वेगळ्या, खालच्या वेगळ्या. मोठ्या ढोलाच्या सळईला बहुधा हाताने फिरविण्याजोगी आडवी मूठ असते. साइड ड्रमच्या सळईचे डोके चौकोनी, त्याला चावी लागते. या कुळात प्रत्येक सळई आपल्यापुरती ओढते. एक ढिली झाली तर बाकीच्या वाद्य धरून ठेवतात, पण शेजारणीला मदत करणे त्यांना ठाऊक नाही. वादी जी समानता अंशतः स्वतः साधते, ती येथे वाजविणाऱ्याच्या कानाने साधावी लागते.

ही समानता इतकी महत्त्वाची का? साध्या गोल पडद्यातून निघणारे उपस्वर मूळ सुराच्या पटीत नसतात. पहिलाच उपस्वर मूळ सुराच्या सुमारे १.५९ पट असतो. म्हणून ढोलाला आवाज असतो, स्थिर सूर नसतो. तबल्याची आणि मृदंगाची शाई हे उपस्वर जवळजवळ पूर्ण पटीत आणून बसविते. चंद्रशेखर व्यंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ नियतकालिकात हे दाखविले, आणि १९३४ च्या सुमारास रामन यांनी त्याचे सविस्तर विवेचन केले : पडद्याची पहिली नऊ कंपने पाच स्वरांत गोळा होतात. परंतु ताण सगळीकडे सारखा असेल तरच. एक घर ढिले असले की शाई कितीही उत्तम असो, सूर फाटतो.

आणखी एक हिशेब विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. ताण दुप्पट केल्याने सूर दुप्पट चढत नाही. एक सप्तक चढविण्यास ताण चौपट लागतो. सूर चढेना म्हणून चावीवर जोर देणारा मुलगा सळईवर किती भार घालतो आहे, याची त्याला कल्पना नसते. मग आटे झिजतात, सळई वाकते, किंवा घरच लाकडातून उपटून येते. तुटेपर्यंत ताणू नये असे आपण भांडणाच्या संदर्भात म्हणतो; ते मुळात अशाच कुठल्या तरी वस्तूवरून आले असले पाहिजे.

आज दुपारी मी शाळेची वाद्यांची खोली पाहिली. तेथील साइड ड्रम निर्लेखित करावयाच्या यादीत चढले आहेत. त्यांची खोडे चांगली आहेत. सळया गंजल्या आहेत, आणि गंज हा असाध्य रोग नव्हे. भोपाळच्या पावसाळ्यात बंद खोलीतले लोखंड गंजणारच. सळया काढून रात्रभर घासलेटात ठेवाव्यात, पितळी ब्रशाने आटे साफ करावेत, कोरड्या पुसून मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा. तेल चामड्याला लागू देऊ नये. सळई सपाट काचेवर लोळवून पाहावी. डगमगली तर ती वाकडी आहे. सरळ करण्याच्या नादी न लागता बदलावी. मात्र बदलताना आटे जुळवून घ्यावेत. आजच्या बहुतेक ड्रमच्या सळयांना इंचाला चोवीस आटे असतात, परंतु जर्मन सोनॉरचे आटे मिलिमीटरच्या मापाचे, आणि जुन्या इंग्लिश वाद्यांचे आणखी निराळे. न जुळणारी सळई जोराने फिरविली की ती घराचेही आटे खाऊन टाकते, आणि चार रुपयांच्या जागी चारशेचे काम निघते. सळईच्या डोक्याखालचा वायसर हरवू देऊ नये. दिसायला क्षुल्लक, पण घर्षण तोच कमी करतो.

घर्षणाविषयी बोलण्याचा खरा अधिकार माझा नाही, आपला आहे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स स्थापन झाली, १९७४ साली ती भेलमध्ये विलीन झाली, आणि बरखेड्यातील कितीतरी घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी नट-बोल्टांवरच शेकली गेली. पाना फिरविताना लागणाऱ्या बळापैकी सुमारे नऊ-दशांश घर्षणातच खर्ची पडते, प्रत्यक्ष ताणाला जेमतेम दशांश मिळते, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक असेल. म्हणूनच गंजकी सळई हाताला घट्ट लागते आणि पडदा ढिलाच राहतो. म्हणूनच यंत्राचे मोठे झाकण बसविताना बोल्ट ओळीने न आवळता समोरासमोर, थोडेथोडे, फेऱ्याफेऱ्यांनी आवळतात. ड्रमचा नियम हाच आहे. सर्व सळया आधी बोटांनी लावाव्यात. मग चावीने अर्धा-अर्धा फेरा, नेहमी समोरची जोडी. शेवटी प्रत्येक सळईजवळ, काठापासून दोन बोटे आत, काडीने हलके टिचकावे आणि सर्वत्र एकच सूर येईतो ऐकावे. तबलजी गजऱ्याभोवती जे करतो तेच हे. भेलमधल्या फिटरला ते कोणी शिकविण्याची गरज नाही. फक्त आपल्या नातवाला त्याने ते शिकवावयाचे आहे.

सळईचा पक्ष मी इतका घेतला म्हणून वादीवर माझा राग आहे असे समजू नये. सळईने वाजविणाऱ्याला स्वतंत्र केले. पडदेही बदलले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पॉलिएस्टरचे पडदे आले. पावसात ते सैल पडत नाहीत. ताशेवाल्याला पूर्वी चामडे शेकोटीवर शेकावे लागे. आज प्लॅस्टिकचे पान आणि नट-बोल्ट. या सोयीची किंमत पुडी मढविणाऱ्या आणि वादी ओढणाऱ्या घरांनी मोजली. त्यांच्याकडे जाणे कमी झाले, आणि मुले दुसऱ्या धंद्यांत गेली. ही घरे बहुतांशी त्या जातींतली, ज्यांना चामड्याला हात लावतात म्हणून गावाने दूर ठेवले आणि ज्यांच्या हातचा पखवाज मात्र देवळात वाजला. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक मृदंगम् घडविणाऱ्या कारागिरांवर लिहिले. ढोलकी, पखवाज आणि तबला घडविणाऱ्या आपल्या माणसांवर तसे लिहिले गेले पाहिजे. आपल्या संगीतविषयक ग्रंथांत वादकांच्या घराण्यांची वंशावळ पानेच्या पाने असते, आणि पुडी कोणी मढविली याचा उल्लेख तळटीपेतही सापडणे कठीण.

म्हणून माझी शाळेला एक मागणी आहे. ड्रम यादीतून काढावेत, आणि वाद्यांच्या खोलीत एक वही ठेवावी. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी एकदा मुलांनी सर्व वाद्ये तपासावीत. उन्हाळ्यात कोरडे चामडे आवळते, म्हणून सुटीपूर्वी तबले थोडे उतरवून ठेवावेत. वहीत वाद्य, तारीख, काय बिघडले आणि काय बदलले हे लिहावे. सळई नवी घातली तर तिच्या आट्यांचे माप लिहावे. तबल्याच्या पुड्या बाजारातून तयार आणण्याऐवजी शहरातील कारागिराला शाळेत बोलवावे, त्याने मुलांसमोर वादी ओढावी, आणि त्याला त्या दिवसाचे मानधन व्याख्यात्याइतकेच द्यावे. माझे मानधन मी त्यासाठी आताच मुख्याध्यापकांकडे ठेवून जात आहे. वहीतील शेवटचा रकाना दुरुस्ती करणाऱ्याच्या पूर्ण नावासाठी राखावा, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.