नोंद हवी, पण लिहिणाऱ्याला त्रास नको
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज मी आपल्याशी दवाखान्यातील नोंदींविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु तिवसा येथून रात्री-बेरात्री अमरावतीला, इर्विन किंवा डफरीनला पाठविलेल्या रुग्णाचे पुढचे उपचार त्याच्यासोबतच्या कागदावर किती अवलंबून असतात, हे आपण जाणताच. कोणते इंजेक्शन दिले, किती वाजता दिले, कोणते औषध त्याला चालत नाही, हे त्यावर नसेल तर पुढच्या डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागते.

लिहून ठेवण्याचे महत्त्व आपल्याला नवे नाही. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, म्हणजे सूरह बकराची 282 वी, मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवण्याविषयी आहे. रय् व बगदाद येथील रुग्णालयांचे प्रमुख अबू बक्र अल् राझी यांनी वाचनाची आणि रुग्णांची टिपणे आयुष्यभर जमविली. त्यांच्या मृत्यूनंतर, दहाव्या शतकात, त्यांतूनच ‘अल् हावी’ हा प्रचंड वैद्यकग्रंथ सिद्ध झाला. मात्र वरील आयतीत आणखी एक ताकीद आहे, तिकडे आपले लक्ष कमी जाते: लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला त्रास पोहोचू नये.

दवाखान्यातील लिहिणारा कोण? बहुधा वॉर्डातील सिस्टर. एकाच रुग्णाचे नाव ती केसपेपरवर, रजिस्टरात आणि औषधांच्या वहीत पुन्हा पुन्हा लिहिते. संगणक आला की हे ओझे उतरेल, अशी अपेक्षा होती. पण जेथे रजिस्टर तसेच राहिले आणि वर संगणक आला, तेथे काम दुप्पट झाले. मग ड्यूटी संपताना घाईने, आठवेल तसे भरले जाते. अशी नोंद दिसायला पूर्ण असते, पण विश्वासाची नसते. आणि तिची किंमत रुग्ण मोजतो.

यावरचा उपाय समजण्यासाठी आपल्याच विदर्भातील एक उदाहरण पाहा. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता, की मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईने बाळाचा न्यूमोनिया ओळखावा कसा? त्यांनी मण्यांचे आणि एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचे साधे श्वासमापक यंत्र तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर श्वास धोक्याच्या वेगाने चालला आहे. दाईला आकडे शिकविण्याची वाट न पाहता हिशेबाचे काम यंत्रावर सोपविले. संगणकाची पद्धत आखणाऱ्यानेही हाच धडा घ्यावा.

तात्पर्य, एकदा लिहिलेले नाव पुन्हा लिहावे लागू नये. टंकण्याऐवजी निवडता यावे. शब्द सिस्टरच्या रोजच्या बोलण्यातले असावेत. औषधाची मात्रा नेहमीपेक्षा फार जास्त पडली, तर पडद्याने तेथेच टोकावे. चूक दुरुस्त करता यावी, पण कोणी केव्हा दुरुस्त केली हे मागे राहावे. वीज वा रेंज गेली तरी काम अडू नये. 2016 मध्ये एएनएम भगिनींसाठी आलेल्या ‘अनमोल’ या ॲपमध्ये रेंज नसतानाही माहिती भरण्याची सोय ठेवलेली आहे, ती याचसाठी. छत्तीसगडमधील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयाच्या गरजेतून ‘बाह्मनी’ ही रुग्णनोंदीची खुली प्रणाली उभी राहिली आणि पुढे ती इतर देशांतही गेली.

पालकहो, आपल्या नावांचाही येथे संबंध आहे. पुष्कळ फॉर्मांत आडनावाचा रकाना सक्तीचा असतो. आपल्याकडे अनेकांना आडनावच नसते. ‘शेख’ पुढे लिहावे की मागे? ‘मोहम्मद’ पूर्ण लिहावे की ‘मो.’ एवढेच? इंग्रजी स्पेलिंग तर तीन कागदांवर तीन प्रकारचे. संगणक यांना तीन वेगळी माणसे समजतो, आणि जुना आजार, जुनी अॅलर्जी नव्या डॉक्टरांना दिसत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये 14 अंकी आभा क्रमांक मिळतो. रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदी एका दवाखान्यातून दुसरीकडे पाहता याव्यात, हा त्यामागील हेतू. पण त्यासाठी मूळ नोंद नीट हवी. म्हणून आधार, शाळेचा दाखला आणि केसपेपर यांवर नाव एकसारखे आहे ना, हे घरी जाऊन अवश्य पाहा. आणि फॉर्म आखणाऱ्यांनीही आपल्या लोकांची नावे कशी असतात हे जाणून घेतले पाहिजे.

ते कोण जाणून घेणार? विद्यार्थिमित्रहो, हे काम तुमचे आहे. जो मुलगा संगणक शिकतो त्याने पडद्यासमोर बसण्याआधी चार दिवस वॉर्डात उभे राहून सिस्टरचे काम पाहावे. तिचा हात कोठे अडतो ते टिपावे. जी मुलगी नर्सिंगला जाते तिने संगणकाला भिऊ नये आणि पद्धत अवघड असेल तर तसे स्पष्ट सांगावे. पालकांना माझी विनंती, की नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुलींना अडवू नका. घरातली अडचण जिने पाहिली आहे, तीच रुग्णाची अडचण लवकर ओळखते.

 अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो. खुदा हाफिज.