मणक्याचे ऑपरेशन : करायचे की थांबायचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानातील काही भाग)



कार्यकर्ते म्हणाले, "ताई, यंदा आरोग्यावर बोला." मी रुग्णालयात फिजिओथेरपीचे काम केले. कंबर धरून आलेली माणसे आयुष्यभर पाहिली. आपल्या वस्तीत कुणी गोणी उचलतो, कुणी रिक्षा चालवतो, बाया दिवसभर वाकून धुणी-भांडी करतात. म्हणून कंबरेचाच विषय घेतला.

मागे एक बंधू एम.आर.आय.चा मोठा लिफाफा घेऊन माझ्या घरी आले. गोदामात हमाली करणारे. उजव्या पायात कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत वीज चमकावी तशी कळ जायची. एका ठिकाणी त्यांना सांगितले होते, "गादी सरकलीय. आठ दिवसांत ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल." वहिनींनी अंगावरचे किडुकमिडुक सोने गहाण टाकायची तयारी केली होती. मी लिफाफा बाजूला ठेवला आणि म्हटले, "दादा, आधी टाचांवर चालून दाखवा. आता चवड्यांवर चाला." ते चालले. लघवी-संडास व्यवस्थित होती. मी म्हटले, "सोने राहू द्या. आधी दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवू."

असे का म्हटले, ते समजून घ्या. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, तिला चकतीही म्हणतात. बाहेरून चिवट, आत मऊ गर. बाहेरची कड फाटली की गर बाहेर येतो, पायाकडे जाणाऱ्या नसेला टेकतो आणि तिथे सूज येते. म्हणून दुखणे कंबरेत, पण कळ पायात! आपण त्याला सायटिका म्हणतो. पण बाहेर आलेला गर शरीर बऱ्याचदा हळूहळू शोषून घेते, सूजही ओसरते. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय चांगला उतार पडतो.

मग फोटोत दिसते ते खोटे का? खोटे नाही, पण ते अपुरे आहे. अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एम.आर.आय. काढले. १९९४ साली तो अभ्यास छापून आला. त्यात ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता आणि २७ टक्के लोकांची चकती बाहेर आलेली होती. दुखणे मात्र काहीच नव्हते! म्हणून ऑपरेशन फोटोचे करायचे नसते, माणसाचे करायचे असते.

पण याचा अर्थ ऑपरेशनला भ्यायचे असा मुळीच नाही. आमच्या ओळखीच्या एका मावशींची लघवी तुंबली, बसायच्या जागेला बधिरपणा आला. घरच्यांनी चार दिवस तेल चोळले. कुणी पायाळू माणसाची लाथ मारून घ्यायला सांगितली, तेही केले. ऑपरेशन झाले, पण उशिरा. लघवीचा त्रास कायमचा राहिला. तेव्हा एवढे पाठ करा : लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, दोन्ही पायांतले बळ गेले, तर रात्र असो की पहाट, त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठा. पाऊल लुळे पडून चप्पल सुटू लागली किंवा पायाचे बळ दिवसेंदिवस कमी होऊ लागले, तरी थांबू नका.

यातले काही नसेल आणि नुसती कळ असेल, तर निवड आपल्या हातात आहे. हॉलंडमध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. काहींचे ऑपरेशन लवकर केले, काहींना थांबवले. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली. पण वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन करावे लागले, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे ऑपरेशनने आराम लवकर मिळतो. सहा आठवडे झाले तरी झोप नाही, रोजी बुडतेय, तर ऑपरेशन करणे हा शहाणपणाच आहे. कळ ओसरत असेल, तर थांबणे हाही शहाणपणाच.

थांबणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे. डॉक्टरांनी दिलेली औषधे घ्या, झेपेल तेवढे चाला, ओझे उचलू नका. कुणाकडून मणका 'बसवून' घेऊ नका.

आणि डॉक्टरांपुढे नुसती मान हलवू नका. नम्रपणे विचारा : माझ्या पायाची कळ आणि फोटोतली चकती जुळते का? थांबलो तर धोका कोणता? ऑपरेशनने पायाची कळ जाईल की कंबरही राहील? कारण या ऑपरेशनचा गुण पायाला जास्त येतो, कंबरेला तेवढा नाही. आणि चकती पुन्हाही बाहेर येऊ शकते. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही.

ते हमाल बंधू दोन-अडीच महिन्यांनी कामावर गेले. मुकादमाला सांगून हलके काम मागून घेतले. सोने घरातच राहिले. मावशींच्या घरीही हीच माहिती वेळेवर पोचली असती तर? म्हणून आज इथे ऐकले ते घरी गेल्यावर शेजारच्या चार घरांत सांगा, एवढीच विनंती.

जयभीम!