जयपूरच्या पावलाची जन्मकथा

सर्जनशील विचार म्हटले की कवी वा चित्रकार आठवतो. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८च्या सुमारास तो साधला एका शल्यविशारदाला आणि एका कारागिराला.

पाय गमावलेल्या रुग्णांना तेव्हा पाश्चात्त्य पद्धतीचे कृत्रिम पाऊल बसवले जाई. घरी गेल्यावर अनेकांकडे ते कोपऱ्यात पडून राही. दोष रुग्णाच्या आळसाला देणे सोपे होते. डॉ. प्रमोद करण सेठी यांनी प्रश्नच फिरवला : हा माणूस दिवसभर करतो काय? तो मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, शेतातल्या चिखलात अनवाणी उतरतो. विलायती पाऊल मात्र बुटावाचून निरुपयोगी आणि घोट्यात ताठ! घरात वा कचेरीत एखादी सोय वापराविना पडून असते, तेव्हाही हाच प्रश्न विचारता येतो. आपण बहुधा वापरणाऱ्यालाच बोल लावतो.

रामचंद्र शर्मा शाळेत फारसे शिकलेले नव्हते. हात मात्र कसलेल्या कारागिराचा. टायरच्या दुकानातील रबर तापवून टिकाऊ करण्याचे तंत्र त्यांनी पावलासाठी घेतले. निव्वळ भरीव रबराचे पाऊल जड नि ताठर निघाले. मग आत लाकूड आणि स्पंज-रबर, वर कातडीच्या रंगाचे आवरण अशी रचना ठरली. पाऊल वाकू लागले, चिखलातही टिकू लागले.

१९७५मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाय विनामूल्य बसवले. १९८१चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना लाभला. शर्मांचे नाव मात्र आजही कित्येकांना ठाऊक नाही.