कुंटणखाना आणि संघटित गुन्ह्याचा कायदा

आजचा विषय सभ्य घरात निघाला की वडील माणसे मान फिरवितात. परंतु ज्या गोष्टीकडे आपण मान फिरवितो तीच गोष्ट आपल्या मुलीबाळींकडे टक लावून बसलेली असते. म्हणून तो मोकळेपणाने बोलणे भाग आहे.

प्रथम एक वाक्य घेऊ. 'अमक्या गावची मुलगी विकली गेली.' वर्तमानपत्रात असे वाक्य आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. उभा जन्म व्याकरण शिकविण्यात गेलेल्या माणसाला मात्र येथे थांबावेसे वाटते. हा कर्मणी प्रयोग आहे. विकली गेली ती मुलगी दिसते. विकणारा वाक्यात नाहीच. श्रोतेहो, या व्यवहारासंबंधीचे आपले कायदेही फार काळ असेच कर्मणी प्रयोगात चालले. छापा पडे, स्त्रिया गाडीत बसत, दाराशी उभा असलेला दलाल सापडे आणि खरा कर्ता दुसऱ्या आळीत दुसरे घर घेऊन पुन्हा दुकान मांडी.

ही कथा आजची नव्हे. १९१७ साली मुंबईत डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात आकूताई नावाच्या स्त्रीचा, तो चालविणाऱ्यांनीच छळ करून प्राण घेतला. तिने तेथून निसटून जाण्याचा यत्न केला होता. त्या खटल्याने मुंबईकर हादरले. पुढे १९२१ साली सरकारने या प्रश्नाच्या विचारासाठी समिती नेमली आणि १९२३ साली मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसाय-प्रतिबंधाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार निषिद्ध ठरविला आणि १९५६ साली सर्व देशासाठी कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीपासून त्याला अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा म्हणतात. पोलिसांच्या बोलण्यात तो 'पिटा' होय.

या कायद्याची शिक्षा पाहा. कुंटणखाना चालविणाऱ्यास पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे सक्तमजुरी. प्रौढ स्त्रीच्या कमाईवर जगणाऱ्यास फार तर दोन वर्षे. ज्या धंद्यात रोज रोकड हाती येते, त्यात अशी शिक्षा म्हणजे व्यापाऱ्याने खर्चाच्या खात्यात लिहून टाकावयाची एक रक्कम. शिक्षा भोगून आलेला माणूस पुन्हा गादीवर बसतो, कारण त्याचे घर, त्याची माणसे आणि त्याचे भांडवल शाबूत असते.

येथे दुसरा कायदा उपयोगी पडतो. महाराष्ट्राने १९९९ साली खंडणी व सुपारीच्या टोळ्यांविरुद्ध संघटित गुन्हेगारी नियंत्रणाचा कायदा केला. लोक त्याला 'मोक्का' म्हणतात. त्याची दृष्टीच निराळी. तो सुटा गुन्हा पाहत नाही, टोळी पाहतो. पैशासाठी बळजबरीने, धाकाने वा अन्य बेकायदा मार्गाने चालविलेले सततचे गुन्हे त्याच्या कक्षेत येतात. गुन्ह्यात कोणाचा मृत्यू झालेला नसेल तर शिक्षा किमान पाच वर्षे, कमाल जन्मठेप. दंडही अशा वेळी पाच लाखांहून कमी नाही. टोळीची मालमत्ता जप्त करता येते. साक्षीदाराचे नाव-गाव गुप्त ठेवता येते. मुलींना पळवून, कोंडून, कर्जात गुंतवून कमाई करणारी साखळी या व्याख्येत बसू शकते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने तर संशय ठेवलाच नाही. तिच्या १११ व्या कलमात वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या मानवी व्यापाराचा संघटित गुन्ह्यात नाव घेऊन समावेश केला आहे.

मग सर्व टोळ्या गजाआड का नाहीत? उत्तर कायद्याच्या एका अटीत आहे. टोळीचे कृत्य 'सततचे' ठरावयाचे तर मागील दहा वर्षांत त्या टोळीविरुद्ध एकाहून अधिक दोषारोपपत्रे न्यायालयात दाखल झालेली असावी लागतात, न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते आणि ते गुन्हे तीन वर्षे वा अधिक शिक्षेचे असावे लागतात. केवळ प्रौढ स्त्रीच्या कमाईवर जगण्याचा गुन्हा दोन वर्षांचा, म्हणून तो या मोजणीत धरला जात नाही. यास्तव तालुक्याच्या ठाण्यात नोंदविलेला प्रत्येक गुन्हा, तेथून न्यायालयात गेलेले प्रत्येक कागदपत्र, ही एकेक वीट आहे. विटाच नसतील तर भिंत कशाची बांधणार?

हा कायदा कडक आहे आणि कडक हत्यार जपून वापरावे लागते. पोलीस अधीक्षकाच्या वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली त्यात पुरावा होते, जामीन दुष्कर होतो, दोषारोपपत्रासाठी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत मिळते. म्हणूनच वरिष्ठांच्या मंजुरीवाचून तो लावता येत नाही. दिल्लीने २००२ साली हाच महाराष्ट्राचा कायदा आपल्याकडे लागू केला. तेथे २०११ साली वेश्याव्यवसायाची टोळी चालविल्याच्या आरोपावरून एका स्त्रीवर तो लावण्यात आला. परंतु टोळी सिद्ध झाली नाही आणि ती सुटली. पुढे २०२० साली द्वारकेच्या न्यायालयाने त्याच स्त्रीस चोवीस वर्षांची शिक्षा दिली, ती नेहमीच्या फौजदारी कायद्यांखाली. ज्या मुलीमुळे ही शिक्षा झाली तिला २००९ साली, अवघ्या बाराव्या वर्षी पळविण्यात आले होते. कायद्याचे नाव मोठे असून भागत नाही. साक्ष उभी राहावी लागते, हा त्यातील बोध.

आणि साक्ष कोण देणार? तीच मुलगी. तिला आपण आरोपीसारखे वागविले तर ती मुकी होईल. म्हणून १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेले निर्देश ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रीस छाप्यात अटक, दंड वा छळ सोसावा लागू नये. कुंटणखाना चालविणे मात्र बेकायदाच. कायद्याने हात घालावयाचा तो स्त्रीच्या पदराला नव्हे, मालकाच्या चोपडीला.

आता आपल्या गावाकडे वळू. आमच्या कळवण तालुक्यातून द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरांच्या टोळ्या जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कष्टकरी माणूस पोटासाठी देशोदेशी जाणारच. त्यात लाज नाही आणि बहुतेक मुकादम संसारी माणसेच असतात. परंतु उचल, परका मुलूख आणि लेकीच्या लग्नाची चिंता जेथे एकत्र येतात, तेथे 'शहरात चांगले काम आहे', 'हुंडा नको, मुलगी द्या' असे गोड बोलणाऱ्याचे फावते. मुलगी परत आली नाही तर आईबाप अब्रूला भिऊन गप्प बसतात. आणि नेमक्या या गप्प बसण्यावर टोळी जगते! तिच्याविरुद्धचा पहिला कागद जन्मालाच येत नाही.

तेव्हा, श्रोतेहो, नेणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि कामाचे ठिकाण लिहून घ्यावे. लिहिता येत नसेल तर शाळेतील मास्तरांकडून लिहवून घ्यावे. मुलगी बेपत्ता झाली तर उद्यावर न टाकता ठाण्यात जावे. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारण्याचा अधिकार कोणत्याही ठाण्यास नाही. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक घरातील लहानथोरांना पाठ असावेत. आणि जी मुलगी परत येईल तिला घराचे दार उघडे असावे, कारण तिच्या तोंडूनच त्या वाक्यातला हरवलेला कर्ता न्यायालयापुढे यावयाचा आहे.