मोटारीची देखभाल : सर्व्हिस सेंटर आणि मालक

मोटारीची नियमित देखभाल अधिकृत विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे मोजून करून घ्यावी की मालकाने ती स्वतः करावी, हा प्रश्न सहसा बिलाच्या रकमेपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. या परिषदेपुढे तो निराळ्या बाजूने मांडणे आवश्यक आहे, कारण तेल कोणी बदलले यापेक्षा ते कधी, कोणत्या प्रतीचे आणि कशासाठी बदलले हे कोणाला ठाऊक आहे, यावर यंत्राचे आयुष्य अधिक अवलंबून असते. पाना कोणाच्याही हाती असो, देखभालीचे ज्ञान आणि तिची नोंद मालकाकडेच असली पाहिजे, ही या भाषणाची भूमिका आहे.

ही भूमिका तपासण्यासाठी कोलकात्याच्या दक्षिणेकडील बेहाला हा भाग घेता येतो. तेथील डायमंड हार्बर रस्त्यावर उन्नत मेट्रोमार्गाचे काम वर्षानुवर्षे चालले आणि जोका ते तारातला या टप्प्याचे उद्घाटन ३० डिसेंबर २०२२ रोजी झाले. मधल्या काळात, ४ सप्टेंबर २०१८ रोजी, बेहालाला शहराशी जोडणारा माझेरहाट पूल कोसळला आणि डिसेंबर २०२० मध्ये नवा पूल खुला होईपर्यंत बेहालाच्या वाहनांना वळसे घालावे लागले. अशा थांबत-सरकत चालणाऱ्या रहदारीत किलोमीटरचा आकडा फसवा ठरतो. अनेक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल बदलण्याची मर्यादा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी दिलेली असते. महामार्गावर ताशी सरासरी ५० किलोमीटर वेगाने हे अंतर २०० तासांत पुरे होते. ताशी १५ किलोमीटर वेगाने त्याच अंतरासाठी इंजिन ६६६ तासांहून अधिक चालते, म्हणजे वंगणावर तिपटीहून जास्त तासांचा ताण पडतो. म्हणूनच पुस्तिकांत ‘कठोर वापर’ असे स्वतंत्र वेळापत्रक दिलेले आढळते. छोटे पल्ले, तुंबलेली रहदारी आणि धूळ यांत चालणाऱ्या वाहनासाठी ते असते आणि त्यात तेल व फिल्टर लवकर बदलण्यास सांगितलेले असते. गाडी कशी वापरली जाते हे मालकाने सांगितले नाही, तर सर्व्हिस सेंटरला ते कळण्यास दुसरा मार्ग नसतो.

पावसाळ्यात बेहालाच्या सखल गल्ल्यांत पाणी तुंबते, तेव्हा या ज्ञानाची निकड अधिकच जाणवते. हवा आत घेण्याच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नसल्याने दट्ट्या अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. या बिघाडाला ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ म्हणतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये, ही माहिती त्या गल्लीत, त्या क्षणी चालकापाशी असावी लागते. दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत ती मिळून उपयोग नाही.

ज्या शहराजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर तयार होत होती, त्या कोलकात्याला मालकाने व गल्लीतल्या मिस्त्रीने मिळून गाडी सांभाळण्याची परंपरा नवी नाही. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेल्या या गाडीचा कार्ब्युरेटर उघडता येई, ठिणगी पाडणारे पॉइंट घासून पुन्हा बसवता येत आणि जुने सुटे भाग शहरातील मल्लिकबाजारात मिळत. मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण तिला वारंवार हात लावावा लागे. मात्र आजच्या गाडीत इंधन आणि ठिणगी यांचे नियंत्रण संगणकाकडे गेल्याने बिघाडाचे निदान घराबाहेर गेले असले, तरी नियमित देखभालीचा मोठा भाग अजून घराबाहेर गेलेला नाही, हे विसरले जाते.

टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासणे, सपाट जागी तेलाची पातळी पाहणे, एअर फिल्टर आणि वातानुकूलनाचा केबिन फिल्टर बदलणे ही कामे कोणत्याही जबाबदार प्रौढाला शिकता येतात. तेल मात्र पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे हवे. ‘५डब्ल्यू-३०’ या खुणेतील पहिला भाग थंडीतील प्रवाहीपणा आणि दुसरा भाग तापलेल्या इंजिनातील दाटपणा दर्शवतो. ब्रेकची व एअरबॅगची कामे प्रशिक्षित हातांनीच व्हावीत. इमारतीखाली जेमतेम जागा असताना केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरून तेल काढणे हे धाडस नसून निष्काळजीपणा आहे. शिवाय वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतून वाचवलेली मजुरी सगळ्या वस्तीकडून वसूल होते. अशा ठिकाणी तेल स्वतः विकत घेऊन, समोर उभे राहून ते विश्वासू गॅरेजात बदलून घेणे हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग दिसतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचे मोल नाकारण्याचे कारण नाही. निदानयंत्रे, कंपनीच्या सदोष भाग बदलून देण्याच्या मोहिमा आणि वॉरंटीतील दुरुस्ती यांसाठी तेथेच जावे लागते. तथापि ‘फ्री सर्व्हिस’मध्ये सहसा मजुरीच माफ असते, तेल व सुट्या भागांचे पैसे द्यावेच लागतात, आणि बिलात पुस्तिकेने न सांगितलेली कामे शिरली आहेत का, हे पुस्तिका वाचलेल्या मालकालाच ओळखता येते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून रोखल्याबद्दल. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, पण बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, हे आयोगाचे म्हणणे प्रत्येक मालकाच्या कामाचे आहे.

ही माहिती मालकाच्या भाषेत पोहोचवणे हे मोटार व्यवसायातील मंडळींचे कर्तव्य आहे आणि मराठीत अशा माहितीची उणीव मोठी आहे. तारीख, झालेले किलोमीटर, तेलाची प्रत, फिल्टरचा क्रमांक, काम करणाऱ्याचे नाव आणि बिल क्रमांक असे रकाने असलेली साधी मराठी नोंदवही परिषदेने तयार करून ग्राहक संघटनांमार्फत वाटावी. ती वही आणि पक्की बिले जपलेली असली, तर वॉरंटीचा दावा नाकारला जाताना बिघाड नेमका कोणत्या कामामुळे झाला हे दाखवून देण्याची मागणी मालकाला कागदानिशी करता येईल.