कासची आंबट माती

साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ. धो धो पावसात तिच्यातला चुना, पोटॅश धुऊन जातो. मागे उरतं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. माती आम्लधर्मी होते, स्फुरद या धातूंशी जखडला जातो, नत्राचीही वानवा. मोठी झाडं इथं फारशी तग धरत नाहीत. म्हणून तर फुलांना रान मोकळं! ‘सीतेची आसवं’ दिसायला नाजूक, निळी-जांभळी; पण त्यांच्या मातीतल्या इवल्या पिशव्या पाण्यातले सूक्ष्मजीव गिळतात. ‘दवबिंदू’ ही वनस्पती चिकट केसांनी किडे धरते. नत्राची भरपाई अशी शिकारीतून! २०१२ पासून कास जागतिक वारसा यादीत आहे. पठारावर गेलात, तर आखलेली वाट सोडू नका.